चेलेस्तीनोचा डावा खांदा

चेलेस्तीनो चेद्रोनेला पॅरिसातल्या सतरा देवळांमध्ये क्रुसावर चढवलेलं होतं. मोजून सतरा. त्याची बायको लिबेराता दर रविवारी निराळ्या देवळात जायची, गुडघे टेकायची, वर बघून आधी नवऱ्याच्या बरगड्या ओळखायची आणि मग देवाला हात जोडायची. शेजारणी चिडवायच्या, "तुझं बरं आहे बाई. तू नवऱ्याच्या पाया पडलीस की देवाला आपोआप पोचतं."

"पोचतं ना," ती म्हणायची. "पण देव निदान घरी येऊन सूप खारट झालंय म्हणून कुरकुरत नाही."

दूर दक्षिणेकडच्या रोक्कापियाना गावच्या डोंगरातली आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दोनच धंदे करत आली. एक तर शेळ्या राखायच्या, नाहीतर पॅरिसला जाऊन चित्रकारांपुढे उभं राहायचं. दोन्हीला अक्कल एकाच जातीची लागते, तासन्‌तास एका जागी उभं राहायची. सोमवारी सकाळी मोंपार्नासच्या कोपऱ्यावर आमचा बाजार भरायचा. दाढीवाले म्हातारे संत म्हणून जायचे, तरण्या पोरी मारियामाता म्हणून, दंडात जोर असलेले गडी दरोडेखोर म्हणून. चित्रकार यायचे, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवायचे, गुडघे निरखायचे. बैलबाजारात दात बघतात, इथे घोटे बघायचे, एवढाच काय तो फरक.

चेलेस्तीनो सहा वर्षांचा असताना बापाबरोबर आला आणि पहिल्याच आठवड्यात मदन झाला. चित्रकाराने बदकाचे खरे पंख सरस लावून त्याच्या पाठीला चिकटवले. संध्याकाळी ते निघता निघेनात. आईने ऊन पाण्याच्या परातीत बसवून ते ओढून काढले, तरी दोन पिसं लग्नापर्यंत पाठीवर होती असं तो सांगायचा. "लग्नानंतरही होती," लिबेराता म्हणायची. "म्हणून तर हा घरात टिकत नाही."

पण त्याची खरी कीर्ती वेगळीच. एकदा बाप्तिस्मा देणारा योहान म्हणून हात वर करून उभा असताना त्याच्या पापणीवर गांधीलमाशी येऊन बसली. चित्रकाराच्या हातातला कुंचला थांबला. माशी पापणीवर चालली, भुवईपर्यंत गेली, परत आली आणि निवांत बसली. चेलेस्तीनो हलला नाही. शेवटी माशीच कंटाळली, जाता जाता डंख मारून गेली, तरी हात तसाच वर. तास भरल्यावर तो खाली उतरला तेव्हा डोळा लिंबाएवढा सुजला होता. त्या दिवसापासून बाजारात त्याला घासाघीस करावी लागली नाही. "हलणारा तो भुरटा," तो नव्या पोरांना बजावायचा. "माणूस मेल्यावर जेवढा हलतो तेवढंच हलायचं."

लिबेराताला हे वाक्य आवडायचं नाही. ती धुणं धुणारी, हौदावरच्या बायकांत वाढलेली, आणि तिथे मरणाचं नाव नुसतं बोलायला म्हणून घेत नाहीत. तिचा भाऊ दोन वर्षांमागे त्यांच्याच अंगणासमोरच्या खोलीत छातीच्या दुखण्याने गेला होता. आमच्या लोकांना या दुखण्याचा हिशेब तोंडपाठ होता. खोकला लागल्यावर सर्वसंतांच्या सणाआधी, म्हणजे नोव्हेंबर लागायच्या आत, जो उठून डोंगरात गेला तो वाचला तर वाचला. ज्याने पॅरिसच्या ओल्या अंगणात हिवाळा काढला, त्याला वसंतात आम्ही खांद्यावरून नेला. याला अपवाद झालेला कुणी पाहिला नव्हता.

आणि त्या वर्षी मेच्या अखेरीस चेलेस्तीनोच्या शर्टाची डावी बाही काळी व्हायला लागली.

धुणाऱ्या बाईला माणूस कपड्यावरून कळतो. उजवी बाही नेहमीसारखी आणि डावीची कड मात्र काळीकुट्ट, विरलेली, जणू तो हात दुसऱ्यापेक्षा लांब झालाय आणि जाईल तिथे मेज पुसत चाललाय. पुढे जूनमध्ये खोकला आला. कोरडा, लहानसा, कुणी दारावर एका बोटाने टकटक करावं तसा.

"गावाला जाऊ या," लिबेराता म्हणाली.

"कशाला? शेळ्यांपुढे उभा राहू? प्लास्टरची धूळ आहे ती. मस्यू तेव्हनारच्या स्टुडिओत श्वास घेतला तर नाकात पुतळा तयार होतो."

"माझ्या भावालाही धूळच होती."

"तुझा भाऊ घोड्यांच्या तबेल्यात होता. नावाडी पुरा झाला की जाऊ. आता मध्येच सोडलं तर लोक काय म्हणतील? चेलेस्तीनो हलला?"

नावाडी म्हणजे मस्यू तेव्हनारचा नवा पुतळा. कुठल्याशा गावच्या नव्या पुलासाठी काशाचा नावाडी करायचा होता, माणसाच्या दीडपट उंच, हातात बांबू, अंगावर एक फडकं. तेव्हनार म्हणजे मोठं नाव, वय सत्तरीला आलेलं, दाढीत कायम माती. पण या म्हाताऱ्याची काम करायची तऱ्हा अशी, की आमच्या लोकांना ती ऐकूनच हसू फुटायचं. मातीला हात लावण्याआधी तो शेकड्यांनी कागद रंगवायचा. मॉडेलला सांगायचा, "हल. फिर. खाजव. वाटलं तर बस." आणि स्वतः मांडीवर फळी घेऊन नजर माणसावर रोखायचा ती काढायचाच नाही. पेन्सिल कागदावर आपली आपण चालायची, म्हातारा एकदाही खाली बघायचा नाही. मग कुंचला पाण्यात बुडवून त्या रेघांवर गेरूचा एक पातळ हात फिरवायचा, कागद दोरीला टांगायचा आणि दुसरा घ्यायचा.

न बघता काढलेली रेघ ती. कधी पाय कागदाबाहेर जायचा, कधी डोकं मानेपासून दूर जाऊन बसायचं. एर्कोले नावाचा आमचा एक गडी होता, चेलेस्तीनोच्या गावी असलेल्या मुलीचा धर्मबाप, नाव भीमासारख्या पैलवानाचं आणि अंगाने सुतळी. धर्मबापाच्या नात्याने लिबेराताला तो कोमारे म्हणायचा आणि सांगत सुटायचा, "कोमारे, माझं चित्र काढलं त्याने. कानातून पाय उगवला होता. मी म्हटलं, मालक, बूट कुठे घालू?"

चेलेस्तीनोला मात्र हे फिरणं अपमानाचं वाटायचं. "चाळीस वर्षं हलू नको म्हणून शिव्या खाल्ल्या," तो म्हणायचा, "आणि हा म्हणतो खाजव." तरी तो जात राहिला, कारण म्हातारा त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला नावाड्यासाठी बघायलाही तयार नव्हता.

त्या कागदांकडे चेलेस्तीनोने कधी पाहिलं नाही. आमच्यात रीतच तशी. आपलं अर्धं झालेलं चित्र आपण बघायचं नाही. अर्धं बघेल तो पुरं बघायला उरत नाही. चित्रकाराचं काम असेल तर चित्र संपतं, मग मॉडेल ऐटीत समोर येऊन उभा राहतो, नाक आपल्यासारखं नाही म्हणून भांडतो. मूर्तिकाराचे कागद मात्र कधीच पुरे होत नाहीत, पुरा होतो तो पुतळा. त्यामुळे मेपासूनचे सगळे कागद चेलेस्तीनोच्या डोक्यावर दोरीला लोंबत राहिले आणि तो त्यांच्याखालून मान खाली घालून ये-जा करत राहिला.

ऑगस्टमध्ये एक दिवस तो कामावरून आला आणि न बोलता जेवायला बसला. दोन घास झाले, चार झाले.

"काय झालं?" लिबेराताने विचारलं.

"म्हातारा म्हणाला, डावा खांदा पाडतोयस."

"मग?"

"मग काय मग! मला म्हणाला. मला! खांदा पाडतोयस म्हणून आजवर मला आईनेही म्हटलं नाही." त्याने चमचा खाली ठेवला. "हात गेलाय त्याचा. म्हातारा झालाय. पण ठीक आहे. बघू कुठला खांदा पडतोय ते."

त्या दिवसापासून त्याने तो खांदा धरला. गांधीलमाशीपुढे उभा राहिलेला माणूस तो, त्याने एकदा धरलं म्हणजे धरलं. कामावर धरला, रस्त्यावर धरला, सूप पिताना धरला. बाजाराच्या कोपऱ्यावर एर्कोले ओरडायचा, "काय रे, खांद्यावर कोण बसलंय? पोपमहाराज? जपून चाल, पाडशील बिचाऱ्याला!" लोक हसायचे. चेलेस्तीनो ताठ चालत जायचा, नवा शिपाई भरती झाल्यासारखा.

आणि लिबेराताच्या मनात घोळ सुरू झाला. नवरा तर सरळ दिसत होता, आजवर कधी नव्हता इतका सरळ. बाहीसुद्धा स्वच्छ यायला लागली. आपण उगाच भाऊ आठवून घाबरलो की काय, असं तिला एकदोनदा वाटलंही. पण मंगळवारी ती शर्ट हौदात बुडवायला घ्यायची तेव्हा डावं अंग ओलं असायचं. उजवं कोरडं आणि डावं काखेपासून कमरेपर्यंत घामाने भिजून जड झालेलं, पिळलं तर पाणी निघावं असं. शेजारची बाई म्हणाली, "एकाच अंगाने काम करतो का गं हा?" सगळा हौद हसला. लिबेराता हसली नाही.

सप्टेंबरात तिने त्याला ओढत धर्मादाय दवाखान्यात नेलं. बाहेर पन्नास माणसांची रांग, आत एक घाईत असलेला तरुण डॉक्टर. तो म्हणाला, "शर्ट काढा." आणि इथे चेलेस्तीनोने ते केलं जे आमच्या माणसाशिवाय दुसरं कुणी करणार नाही. कुणी शर्ट काढ म्हटलं की याचं अंग आपोआप कामाला लागायचं. त्याने छाती पुढे काढली, मान उचलली, वजन एका पायावर घेतलं. डॉक्टर म्हणाला श्वास घ्या, तर त्याने असा श्वास घेतला की पोटात एक रेघ हलली नाही. खोकला आला होता तो त्याने घशात दाबून ठेवला, तोंडावर योहानाची शांती. डॉक्टरने पाठीवर दोनदा टकटक केलं, मागे सरून बघत राहिला आणि म्हणाला, "अशी छाती मला असती तर मी डॉक्टर कशाला झालो असतो? थोडी सर्दी आहे. पुढचा!"

"अरे, खोकलायचं होतंस!" बाहेर आल्यावर लिबेराता किंचाळली.

"तो बघत होता ना," चेलेस्तीनो म्हणाला. "बघणाऱ्यापुढे कसं खोकू?" आणि कोपऱ्यावर वळल्यावर भिंतीला हात टेकून तो इतका खोकला, की एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

ऑक्टोबर उतरणीला लागला. सर्वसंतांना आठ दिवस उरले. अंगणातल्या फरशा सकाळी ओल्या दिसायला लागल्या, आणि लिबेराता रोज तीच फरशी तीनदा पुसायची. नवऱ्याला डोंगरात न्यायचं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही, हे तिला कळत होतं. आणि हातात पुरावा काय, तर एक घामेजलेला शर्ट. शर्ट दाखवून कुणी कामावरून उठतं का?

मंगळवारी ती तेव्हनारच्या स्टुडिओत एप्रन धुवायला न्यायला गेली. त्या दिवशी तिच्या डोक्यात आणखी एक राग होता. म्हाताऱ्याने कागद टांगायला तिचे कपड्यांचे चिमटे उसने घेतले होते, मेपासून, आणि "उद्या देतो" म्हणत म्हणत परत केलेच नव्हते. घरी ती ओले कपडे दोरीला गाठी मारून वाळत घालत होती. तेव्हनार मागच्या खोलीत प्लास्टरवाल्यावर खेकसत होता. चेलेस्तीनोचं सकाळचं काम संपलं होतं, पडद्यामागे तो कपडे घालत होता. "मी माझे चिमटे घेऊन जाते," ती मोठ्याने म्हणाली, आणि कुणाची वाट न बघता दाराकडच्या टोकापासून काढायला लागली.

पहिला चिमटा काढला, कागद हातात आला. मे महिन्याचा. गेरूचा हात फिरवलेला तिचा नवरा, पाठमोरा, खांद्यांची रेघ आडवी, ताणलेल्या दोरीसारखी. ती हसली, कारण एक पाय कागदाबाहेर गेला होता. दुसरा, तिसरा, चौथा. तिने चिमटे एप्रनच्या खिशात टाकायला सुरुवात केली आणि कागद टेबलावर. जूनच्या कागदावर डावीकडची रेघ जरा खाली होती. बाईला सवय असते, दोरी मधोमध झोळ खायला लागली की तिला लगेच दिसतं. जुलैत अर्ध्या बोटाने खाली. ऑगस्ट. इथून पुढे मान जरा उजवीकडे ओढलेली होती, काहीतरी वर उचलून धरावं तशी, आणि तरीसुद्धा खांदा खालीच. गळ्याच्या हाडाशी म्हाताऱ्याने पाण्याचा एक गडद थेंब सोडला होता. पुढच्या कागदावर तो थेंब मोठा झाला. त्याच्या पुढच्यावर आणखी मोठा, वाटीएवढा. डाव्या बरगड्या एकमेकींवर कलल्या होत्या, पिंपाची पट्टी सुटल्यावर फळ्या कलाव्यात तशा.

तिच्या खिशात चिमटे खडखडत होते.

तेव्हनार दारात उभा होता.

"मालक," ती म्हणाली, "तुमचा हात गेलाय. हो ना? लोक म्हणतात, न बघता काढता, रेघ वाकडी जाते. सांगा की हात गेलाय म्हणून."

म्हातारा दोरीच्या शेवटच्या टोकाला गेला आणि तिथला एक कागद काढून तिच्यापुढे धरला. त्याच्यावर एर्कोले होता. कानात पाय बिय काही नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत देवळातल्या मेणबत्तीसारखा सरळ.

"मलाही तेच वाटलं होतं," तेव्हनार म्हणाला. "वाटलं, संपलो आपण. म्हणून त्या हडकुळ्याला बोलावला आणि तसंच काढून पाहिलं. हात ठीक आहे माझा, मादाम."

"कधी काढलंत हे?"

"संत मिशेलच्या सणाला."

लिबेराताने मनात मोजलं. "महिना होत आला. महिनाभर तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही त्याला रोज बोलावत राहिलात?"

म्हाताऱ्याने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत लाज होती, पण लाजेच्या बाजूला दुसरंही काहीतरी होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. हौदावर एकदा एका बाईला वाहून आलेलं सोन्याचं कानातलं सापडलं होतं, तेव्हा तिचे डोळे असे झाले होते.

"पन्नास वर्षं माणसं काढतोय मी," तो हळू म्हणाला. "अशी रेघ मला कधी मिळाली नव्हती."

तेवढ्यात पडदा सरकला. चेलेस्तीनो टाय बांधत बाहेर आला, खांदा वर, ताठ. "काय भांडण चाललंय? चिमट्यांवरून?"

"इकडे ये," लिबेराता म्हणाली. "बघ."

त्याने टेबलावर काय आहे ते ओळखलं आणि डोळे मिटून घेतले. "वेड लागलंय का तुला? झाकून ठेव ते. पुतळा पुरा व्हायचाय."

"डोळे उघड."

"अर्धं बघितलेला पुरं बघत नाही. तुझ्या बापानेच शिकवलं हे मला."

"माझा बाप शेळीच्या लाथेने मेला, चित्र बघून नाही!" ती त्याच्या अगदी जवळ गेली. "न बघता तरी तू पुरं बघणार आहेस का? मालकांना विचार. विचार ना! चाळीस वर्षं लोकांना अंग दाखवत आलास, आज एकदा तू बघ. माझ्यासाठी बघ, नाहीतर मी चालले एकटी गावाला, आणि इथे तुला खांदा द्यायला एर्कोलेशिवाय कुणी नसेल."

चेलेस्तीनोने डोळे उघडले.

तो टेबलाशी वाकला नाही, ताठ उभा राहूनच बघायला लागला, एखाद्या नव्या पोराची पोज तपासावी तसा. "ठीक आहे," तो पहिल्या कागदांवर म्हणाला. "वजन बरोबर घेतलंय." मग जूनवर, "इथे कंटाळला." मग ऑगस्टवर तो जरासा हसला. "कोण आहे हा? भुरटा आहे. खांदा सांभाळता येत नाही, म्हणून मान ओढून धरतोय. आमच्यापुढे अशी लबाडी चालत नाही..." आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात आपल्या मानेवर गेला. तिथली शीर दोरीसारखी ताणलेली होती. हात तिथेच राहिला.

मागच्या खोलीत प्लास्टरवाला बादली घासत होता.

मग चेलेस्तीनोने दोन बोटं कागदावर आडवी ठेवली, खांद्याच्या रेघेखाली. पुढच्या कागदावर ठेवली. पुढच्या. शिंपी मापं घेतो तशी, शेवटच्या कागदापर्यंत. "क्रुसावरून खाली काढतात ना," तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "त्याच्यासाठी नऊ वेळा मला घेतलंय. मेलेल्या माणसाचा खांदा कुठे येतो ते मला माहीत आहे. चित्रकारांना मीच दाखवतो." त्याने शेवटच्या कागदावर बोटं ठेवली आणि त्यांच्याखालची जागा पाहिली. "तिथवर दोन बोटं उरली. ईस्टर गाठेन."

"डोंगरात गेलास तर थांबेल," लिबेराता म्हणाली. "सर्वसंतांना अजून आठ दिवस आहेत. गुरुवारची गाडी धरू. दोन बोटं पुष्कळ झाली."

"हो," तो म्हणाला. "दोन पुष्कळ झाली."

तेव्हनार पुढे आला. त्याच्या हातात फळी कधी आली ते कुणाला कळलं नाही. "चेलेस्तीनो," तो म्हणाला, "एक. एकच. आत्ता जसा उभा आहेस तसा. मग खुशाल जा. मी तुला..." काय देणार ते त्याला सुचलं नाही.

लिबेराताच्या तोंडात शिवी आली होती. पण चेलेस्तीनो तिच्या आधी बोलला, आणि आवाज असा होता की तो एखाद्याची समजूत घालतोय.

"मालक, तुम्हाला अजून कळलं नाही. ऑगस्टापासून मी खांदा धरून ठेवलाय. झोपेतसुद्धा. हे जे तुम्ही काढलंत ना सगळं, हे धरलेलं आहे."

म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं. लिबेराताला ते वाक्य कळायला एक क्षण जास्त लागला. आणि ती "नको" म्हणायच्या आत चेलेस्तीनोने सोडला.

आधी मान सुटली. मग खांदा खाली आला. दोन बोटांपाशी थांबेल म्हणून ती बघत राहिली आणि तो थांबला नाही. तो तसाच जात राहिला, त्याच्यामागे छाती आत गेली, डावा हात गुडघ्यापर्यंत लोंबला, कोटाचं एक टोक दुसऱ्याखाली वीतभर उतरलं. आत कुठेतरी काहीतरी हललं आणि तो खोकला आला जो खांद्याबरोबर धरलेला होता.

त्या आवाजात तिला दुसरा एक आवाज ऐकू आला, कागदावर पेन्सिल चालल्याचा. म्हातारा काढत होता. डोळ्यांत पाणी होतं, नजर चेलेस्तीनोवर होती आणि हात आपला आपण चालला होता.

लिबेराता मध्ये जाऊन उभी राहिली. हौदावर पंचवीस वर्षं वाकलेली बाई ती, दार अडवावं एवढी पाठ. तिने नवऱ्याला दोन्ही हातांनी सावरलं आणि मागे वळून पाहिलं नाही. एर्कोले पुढे शपथेवर सांगायचा, की तो कागद त्याने पाहिलाय. गेरूचा एक खांदा खाली उतरत येतो आणि मध्येच रेघ एका बाईच्या पाठीत शिरते.

गुरुवारची गाडी त्यांनी धरली. एर्कोले ट्रंक उचलायला म्हणून बरोबर आला. वाटेत थांबत थांबत सर्वसंतांच्या आदल्या दिवशी ते खालच्या स्टेशनावर उतरले, म्हणजे आमच्या हिशेबाने वेळेत. पण तो हिशेब ज्यांची दोन बोटं खरोखर उरलेली असतात त्यांच्यासाठी. चेलेस्तीनोने त्या वर्षीचा नाताळ पाहिला नाही.

स्टेशनापासून रोक्कापियाना दोन तासांची चढण. त्याला खेचरावर बसवलं होतं. एर्कोले लगाम धरून पुढे चालत होता आणि तोंडाची टकळी चालूच होती, "खेचराला सांगतो, हळू चाल रे बाबा, वर सतरा देवळांचा देव बसलाय." लिबेराता डाव्या अंगाने चालत होती. चेलेस्तीनोचा लोंबता हात तिने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता, म्हणजे तो खाली ओढणार नाही. हवा कोरडी होती, चेस्टनटच्या पानांचा वास येत होता, आणि तो म्हणाला की इथे श्वास बरा लागतोय.

पहिल्या वळणावर त्याने वरून विचारलं, "किती आहेत गं?"

"काय?"

"बोटं."

तिने मान वर केली नाही. "दोन," ती म्हणाली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या वळणावर त्याने परत विचारलं. तिने त्याचा हात जरा वर घेतला, खांद्यावर नीट बसवला, आणि चालता चालता सांगितलं, "दोन."